बादलीतला मळा

खिडकीत पाण्याच्या बाटलीत ठेवलेला मनी प्लांट वर्षानुवर्षे जगतो. त्याच बाटलीत पालकाचे रोप ठेवले, तर ते पंधरवड्यात पिवळे पडते आणि संपते. मनी प्लांटची वाढ संथ असते आणि भूक थोडी, त्यामुळे नळाच्या पाण्यातल्या चिमूटभर क्षारांवर तो भागवून घेतो. पालकाला मात्र महिना-सव्वा महिन्यात दोन इवल्या पानांपासून जुडीपर्यंत मजल मारायची असते. नुसते पाणी त्याला पुरत नाही. म्हणून मातीविना भाजी पिकवायची असेल, तर माती रोपाला काय काय देत होती हे आधी समजून घ्यावे लागते. ते एकदा उमगले, की घरातल्या बादलीत, मोटर किंवा पंप न लावता, पालेभाजी वाढवणे कुणालाही जमण्यासारखे आहे.

या प्रश्नाचा माग काढणाऱ्यांत यान बाप्टिस्टा फान हेल्माँट या फ्लेमिश वैद्याचे नाव पहिल्या काही जणांत येते. त्याने कुंडीत 200 पौंड कोरडी माती तोलून घातली, त्यात 5 पौंडांचे विलोचे झाड लावले आणि पाच वर्षे त्याला फक्त पाणी दिले. शेवटी झाड भरले 169 पौंड. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम दोन औंस घटलेली. त्याच्या मृत्यूनंतर, 1648 साली, हा प्रयोग छापला गेला. त्याने काढलेला निष्कर्ष असा, की झाड सगळेच्या सगळे पाण्यापासून बनते. हवेतला कार्बन डायऑक्साइड झाडाचा देह घडवतो हे त्या काळात कुणालाच ठाऊक नव्हते. पण मला या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ते हरवलेले दोन औंस. त्याने ते किरकोळ समजून सोडून दिले. खरे तर झाडाने मातीतून जे काही खाल्ले होते, ते सगळे त्या दोन औंसांत होते.

पुढे 1699 साली इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्डने पुदिना निरनिराळ्या पाण्यांत वाढवून पाहिला. पावसाच्या स्वच्छ पाण्यातला पुदिना रोडावला आणि बागेतली माती कालवलेल्या पाण्यातला चांगला फोफावला. म्हणजे पाण्याबरोबर आणखी काहीतरी लागत होते. ते ‘काहीतरी’ नेमके कोणकोणते क्षार, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युलियुस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. ठरावीक क्षार पाण्यात विरघळवून, मातीचा कणही न वापरता त्यांनी रोपे वाढवली. आज वनस्पतींना आवश्यक अशी 17 मूलद्रव्ये मानली जातात. त्यांतली कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही तीन हवेतून आणि पाण्यातून मिळतात. उरलेली 14 मातीतून यायची. ती आपण पुडीतून देऊ शकतो.

माती याशिवाय दोन कामे करते. एक म्हणजे रोपाला उभे धरते. त्याची सोय सोपी आहे. दुसरे काम चटकन लक्षात येत नाही, आणि घरगुती प्रयोग बहुतेकदा तिथेच फसतात. मुळांना श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा खेळत असते आणि ती मुळांना मिळत राहते. कुंडीत रोज भरमसाट पाणी घातले की रोप सडते, ते या पोकळ्या पाण्याने भरून मुळे गुदमरतात म्हणून. पाण्यात ऑक्सिजन विरघळतो, पण फार थोडा. 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांवर साडेसात. शिवाय साचलेल्या पाण्यात तो हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. मुळांनी जवळचा ऑक्सिजन वापरून टाकला की नवा यायला फार वेळ लागतो. म्हणून मातीविना शेतीत पाण्यापेक्षा हवेची काळजी जास्त वाहावी लागते.

व्यावसायिक शेतकरी ही हवा विजेच्या जोरावर पुरवतात. कुणी माशांच्या टाकीत असतो तसा हवेचा पंप लावून बुडबुडे सोडतात, तर कुणी उतरत्या पन्हळींतून पाण्याचा पातळ पापुद्रा अखंड वाहता ठेवतात. ही दुसरी पद्धत ॲलन कूपर यांनी 1960च्या दशकात इंग्लंडमध्ये विकसित केली. तिच्यातून मिळणारे उत्पादन पाहण्यासारखे असते. पण भर दुपारी वीज गेली आणि पंप थांबला, की पन्हळीतली उघडी मुळे काही तासांत सुकू लागतात. भारनियमन ज्यांनी भोगले आहे, त्यांना यातला धोका वेगळा सांगायला नको.

विजेवाचून हे करता येईल का, हा विचार आपल्याच देशात फार लवकर झाला होता. जे. शोल्टो डग्लस यांनी 1946 पासून दार्जिलिंगजवळच्या कालिम्पाँगला साध्या, स्वस्त साधनांनी मातीविना शेती करण्याचे प्रयोग केले. पंप आणि महागडी यंत्रे टाळायची, हाताशी मिळेल ते वाळू-खडे वापरायचे, अशी त्यांची धारणा होती. ती पद्धत ‘बंगाल पद्धत’ म्हणून ओळखली गेली आणि 1951 साली त्यांचे त्यावरचे पुस्तक निघाले. घरातल्या बादलीसाठी मात्र मला त्याहून सुटसुटीत वाटते ती हवाई विद्यापीठातले उद्यानविद्या शास्त्रज्ञ बर्नार्ड क्रॅट्की यांची पद्धत.

क्रॅट्कींची युक्ती अशी. झाकण असलेल्या भांड्यात खताचे पाणी भरायचे आणि झाकणाच्या भोकात जाळीच्या पेल्यात रोप बसवायचे. सुरुवातीला पेल्याचे बूड पाण्याला जेमतेम टेकलेले असते. रोप पाणी पिऊ लागते, पातळी उतरते, आणि झाकण व पाणी यांच्यामध्ये हळूहळू दमट हवेची पोकळी तयार होते. त्या पोकळीत लोंबणारी मुळे बारीक, फांद्या फुटलेली होतात आणि हवेतून ऑक्सिजन घेतात. खालची लांब मुळे पाणी आणि अन्न ओढतात. पाणी जसजसे घटते, तसतशी श्वासाची जागा वाढते. पंपाचे काम रोपाची तहानच करते. रोप काढणीला येईपर्यंत भांडे बरेचसे रिकामे झालेले असते.

या पद्धतीत एकच पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. पाणी उतरलेले दिसले की काठोकाठ भरून टाकण्याचा मोह होतो, तो आवरावा. हवेत वाढलेली मुळे पुन्हा बुडवली, तर ती गुदमरतात आणि दोन-तीन दिवसांत रोप माना टाकते. पाणी फारच खाली गेले आणि काढणीला अजून अवकाश असेल, तर थोडेसेच घालावे, वरची निम्मी मुळे उघडी राहतील इतपत. तेही निम्म्या ताकदीचे, कारण उरलेल्या पाण्यात क्षार आधीच दाटलेले असतात.

आता बांधणी. 15 लिटरची झाकणाची प्लास्टिकची बादली घ्यावी, खाद्यपदार्थ आलेली असेल तर उत्तम. लेट्यूसच्या एका गड्ड्याला लावणीपासून काढणीपर्यंत साधारण 4 लिटर द्रावण लागते, त्या हिशेबाने एका बादलीत तीन रोपे बसतात. बादली अपारदर्शक हवी. आत उजेड गेला की खताच्या पाण्यात शेवाळ माजते, ते अन्न खाते आणि कुजताना ऑक्सिजनही संपवते. बादली अर्धपारदर्शक असेल तर बाहेरून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्यावा. काळा उजेड अडवतो, पांढरा उष्णता परतवतो. झाकणाला 5 सेंटिमीटरच्या जाळीदार पेल्यांसाठी तीन भोके पाडावीत. सुताराकडे किंवा इलेक्ट्रिशियनकडे गोल भोक पाडायचे होल-सॉ असते, त्याने काम सफाईदार होते. पेले विकत मिळतात, पण दह्याच्या छोट्या डब्याला बुडाशी आणि बाजूंना भोके पाडली तरी चालते. पेल्यात धुतलेले कोकोपीट किंवा भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या भराव्यात. कोकोपीट ‘धुतलेले’ असे म्हणतो आहे ते मुद्दाम. किनारपट्टीवरचा काथ्या पुष्कळदा खाऱ्या पाण्यात कुजवलेला असतो आणि त्यात मीठ राहिलेले असते. दोन-तीन पाण्यांनी खळबळून धुतले की ते निघून जाते.

खताच्या बाबतीत महाराष्ट्रातला वाचक भाग्यवान आहे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांमुळे ठिबकातून द्यायची विद्राव्य खते इथे गावोगावच्या कृषी सेवा केंद्रात मिळतात. फक्त सर्वांत लोकप्रिय पुडी, 19:19:19, ती या कामाची नाही. तिच्यातल्या नत्राचा निम्म्याहून अधिक भाग युरियाच्या रूपात असतो. शेतात मातीतले जिवाणू युरियाचे रूपांतर मुळांना चालेल अशा रूपात करतात. बादलीत ती जिवाणूंची फौज नसते, म्हणून तो नत्र बहुतांशी वाया जातो. शिवाय तिच्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नाही. याऐवजी चार पुड्या आणाव्यात. 10 लिटर पाण्याला कॅल्शियम नायट्रेट 8 ग्रॅम, 13:0:45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट 3 ग्रॅम, 0:52:34 दोन ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट 4 ग्रॅम. त्यात 12 टक्क्यांचे चिलेटेड लोह 0.2 ग्रॅम, आणि बोरॉन, जस्त, मँगनीज, तांबे, मॉलिब्डेनम असलेले सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण, त्याच्या पाकिटावर मातीविना शेतीसाठी दिलेल्या मात्रेत. चार मुख्य क्षारांचे वजन झाले 17 ग्रॅम. फान हेल्माँटच्या झाडाने पाच वर्षांत दोनच औंस का खाल्ले असतील, हे या चिमूटभर पुड्या हातात घेतल्या की पटते. वजनासाठी ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा काटा लागेल. चमच्याने अंदाज करू नये. हा खटाटोप नको असेल तर ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत तयार द्रावण मिळते, ते पहिल्या खेपेला खुशाल वापरावे.

बाटल्या दोन का, याचे उत्तर मिसळण्याच्या क्रमात आहे. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट दाट स्वरूपात एकत्र आले, की कॅल्शियम आणि सल्फेट मिळून जिप्सम बनते आणि तळाशी बसते. फॉस्फेटशीही कॅल्शियमचे तसेच होते. तो पांढरा गाळ म्हणजे रोपाच्या तोंडचे गेलेले अन्न. म्हणून प्रत्येक क्षार वेगळ्या पेल्यात विरघळवावा, भरपूर पाण्यात एकेक करून ओतावा, आणि कॅल्शियम नायट्रेट सगळ्यांत शेवटी.

पाण्याचाही विचार करायला हवा. धरणाचे नळाचे पाणी बहुधा मऊ असते. रात्रभर उघडे ठेवले की त्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो. दख्खनच्या काळ्या कातळातले बोअरचे पाणी मात्र अनेक ठिकाणी जड असते, आणि क्षार मोजणाऱ्या स्वस्त मीटरवर आकडा 400च्या वर गेला तर त्यात पावसाचे किंवा आरओचे पाणी मिसळणे बरे. आरओ यंत्रातून बाहेर टाकलेले पाणी अजिबात वापरू नये, त्यात सगळे क्षार दाटलेले असतात. द्रावणाचा सामू 5.5 ते 6.5 दरम्यान हवा. तो वर गेला तर लोह पाण्यात असूनही रोपाला घेता येत नाही. आपले नळाचे पाणी सहसा 7 ते 8 असते, तेव्हा तो थोडा खाली आणावा लागतो. लिंबू पिळले तर सामू उतरतो खरा, पण पाण्यातले सूक्ष्मजीव सायट्रिक आम्ल खाऊन टाकतात, सामू पुन्हा चढतो आणि त्या खटपटीत ऑक्सिजन खर्ची पडतो. पातळ केलेले फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने, हातमोजे घालून वापरावे. सामू सांगणाऱ्या कागदी पट्ट्या या कामाला पुरतात.

इथवर सगळे नीट जमले, तरी घरात रोप हमखास खुरटते ते उजेडावाचून. नवरात्रात घटाभोवती पेरलेले धान्य आठवा. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ते नऊ दिवसांत उंच, लुसलुशीत आणि पिवळसर होते. ती वाढ बियांतल्या साठ्यावर झालेली असते आणि उंची उजेडाच्या शोधात. आपले डोळे मंद उजेडाला इतके सरावतात, की दिवाणखाना आपल्याला लख्ख वाटतो. प्रत्यक्षात भर उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, आणि दिवे लावलेल्या खोलीत दोन-तीनशे. पालेभाजीला दिवसाचे 14 तास 12 ते 16 हजार लक्स मिळाले तर ती समाधानाने वाढते. रोज चार-पाच तास थेट ऊन येणारी खिडकी असेल, तर तिचाच उपयोग करावा. नसेल तर 60 बाय 30 सेंटिमीटरच्या जागेवर 20 वॉटच्या दोन साध्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या रोपांपासून वीतभर उंचीवर टांगाव्यात. 40 वॉट गुणिले 14 तास म्हणजे दिवसाला 0.56 युनिट, महिन्याला सुमारे 17. आपल्या बिलातल्या दराने गुणून खर्च आधीच पाहून घ्यावा. गुलाबी-जांभळ्या दिव्यांची गरज नाही. पांढऱ्या उजेडात लाल आणि निळा दोन्ही भाग असतात, आणि पानावरचा रोगही पांढऱ्या उजेडातच नीट दिसतो. उजेड अपुरा ठेवून खत वाढवणे ही तर दुहेरी चूक आहे. अशा वेळी रोपाने ओढलेले नायट्रेट पुरते वापरले जात नाही आणि पानांत साठत राहते.

एक गोष्ट आपल्याकडे विसरून चालणारच नाही. महिनाभर साठलेले पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला आमंत्रण. एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याची नवी पिढी उडते. म्हणून झाकण घट्ट हवे, पेला भोकात फट न ठेवता बसायला हवा, आणि हवेसाठी झाकणाला वेगळे भोक ठेवले असेल तर त्यावर मच्छरदाणीचे कापड गोंदाने पक्के चिकटवायला हवे. ज्याला एवढे करायला वेळ नसेल, त्याने घरात ही बादली ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लावायचे काय? लेट्यूसला ही पद्धत सर्वांत मानवते. तिचे बी उजेडात उगवते, म्हणून खोल पेरू नये, आणि तीस अंशांच्या आसपासच्या उकाड्यात ते झोपी जाते. ओल्या कागदात गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवले की जागे होते. पालक आपला देशी घ्यावा. परदेशी पुस्तकांत पालक पाण्यात अवघड असे वाचायला मिळते, पण ती वेगळी वनस्पती. आपला पालक बीटच्या घराण्यातला, उष्णता बरीच सोसणारा. त्याच्या खडबडीत बोंडात एकाहून अधिक बिया असतात, तेव्हा उगवल्यावर एक-दोन सशक्त रोपे ठेवून बाकीची खुडावीत. पुदिन्याला बी नकोच. बाजारातल्या जुडीतली निबर काडी पाण्यात ठेवली की आठवडाभरात मुळे फुटतात. आणि किराणा दुकानातला सब्जा, जो आपण फालुद्यात घालतो, तो तुळशीच्याच एका सुगंधी बहिणीचे बी आहे. तो हौसेने पेरून पाहावा. टोमॅटो आणि काकडी घराच्या आत नकोत. त्यांना लागणारा उजेड दिव्यांनी पुरवणे परवडत नाही. खरे सांगायचे तर पालकाची जुडीही पैशाच्या हिशेबात बाजारातच स्वस्त पडते. पण पानांची लेट्यूस किंवा तुळस काढल्यावर तासाभरात मलूल होते, तिथे घरच्या बादलीचे मोल कळते.

हंगाम निवडताना पाण्याच्या तापमानाकडे पाहावे. मुळांना 18 ते 24 अंशांचे पाणी आवडते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यातच काय, पुण्यातल्या बंद गॅलरीतही ते तिशीपार जाते. ऑक्सिजन घटतो, मुळे तपकिरी होतात, आंबूस वास येतो. हा मूळकुजीचा रोग. थर्माकोलच्या पेटीत बादली ठेवणे किंवा तिच्याभोवती ओले गोणपाट गुंडाळणे एवढे उपाय करता येतात, पण नवशिक्याने ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा.

रोज करायचे काम म्हणजे पाने वाचणे. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम रोपाच्या आत इकडून तिकडे हलतात. टंचाई आली की रोप जुन्या पानांतून ते काढून नव्यांना देते, म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात. लोह आणि कॅल्शियम एकदा जिथे बसले तिथून हलत नाहीत, तेव्हा त्यांची उणीव कोवळ्या शेंड्यात दिसते. नवे पान पिवळे आणि शिरा हिरव्या, असे दिसले तर लोह टाकण्याआधी सामू तपासावा. बहुधा दोष तिथेच निघतो. लेट्यूसच्या आतल्या पानांच्या कडा करपल्या तर ते कॅल्शियम न पोचल्याचे लक्षण, आणि गंमत अशी की त्यावर उपाय खताचा नसतो. कॅल्शियम पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनाच्या ओढीने वर चढते. कोंदट, दमट हवेत ही ओढ मंदावते. जवळ छोटा पंखा हळू फिरता ठेवला की नवी पाने धड येतात.

काढणी दोन तऱ्हांनी करता येते. पालकाची बाहेरची पाने खुडत राहिलो तर आतून नवी येत राहतात. लेट्यूसचा गड्डा एकदमच उपटावा. तळाशी उरलेले द्रावण पुढच्या लावणीला वापरू नये, कारण त्यात कोणता क्षार किती उरला हे मीटरला सांगता येत नाही. तेवढेच साधे पाणी मिसळून ते गॅलरीतल्या मातीच्या कुंड्यांना घालावे. मग बादली आणि पेले घासून धुवावेत, उन्हात कडकडीत वाळवावेत. सलग भाजी हवी असेल तर दोन बादल्या ठेवाव्यात आणि पहिलीतले पाणी निम्म्यावर आले, की दुसरीसाठी बी भिजत घालावे.